पोटरीतला कारखाना

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा बीड जिल्ह्यातल्या वाड्या-वस्त्यांवरून ट्रक आणि ट्रॅक्टर निघायला लागले असतील. धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार या बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातली माणसे दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमाराला ऊस तोडायला बाहेर पडतात. कुणी सांगली-कोल्हापूरकडे, कुणी सोलापूर-पुण्याकडे, कुणी थेट बेळगावपर्यंत. संख्या काही लाखांत जाते. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. मुकादमाकडून घेतलेली उचल अंगावर असते, ती फिटेपर्यंत फडात वाकायचे, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून वाहून गाडीत भरायच्या. परत यायचे ते मार्च-एप्रिलला.

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या अखेरीस यांपैकीच एक गृहस्थ माझ्याकडे आले. धारूरच्या अलीकडच्या एका वस्तीवरचे, वय बावन्न. त्यांचा मुलगा माझा विद्यार्थी, त्यामुळे मी त्यांना मामा म्हणतो आणि ते मला सर. अंगाने काटकुळे. चार वर्षांपासून मधुमेह. पिशवीतून त्यांनी गोळ्यांच्या दोन पट्ट्या काढून टेबलावर ठेवल्या.

“सर, ही शुगरची गोळी, हिचं काही न्हाई. पर ही दुसरी, कोलेस्टेरॉलची, सुरू केल्यापासून पोटऱ्या धरतेत. रातच्याला गोळे येतेत. कोयता उचलायचं बळ ऱ्हात न्हाई. मोबाइलवर पोरानं वाचलं, ही गोळी नसाचं बळ खाती. खरं हाय का? आन् माझं कोलेस्टेरॉल तर नॉर्मल आलंय म्हणते. मंग कशापायी खायची?”

मी आयुष्यभर वैद्यकीय विद्यार्थ्यांना जीवरसायनशास्त्र शिकवले. या प्रश्नाचे उत्तर मला यायला हवे होते. ते पाच मिनिटांत देता येईना म्हणून मी त्यांना चहा दिला आणि दोन दिवसांनी या म्हटले. पुढचा मजकूर म्हणजे त्या दोन दिवसांची आणि नंतरच्या वर्षभराची उजळणी आहे.

आधी त्यांचा शेवटचा प्रश्न घेऊ, कारण तो दर दवाखान्यात विचारला जातो. कोलेस्टेरॉल बरे असताना त्याची गोळी का? मधुमेह हा नावाला साखरेचा आजार असला, तरी मधुमेही माणसे मोठ्या प्रमाणावर दगावतात ती हृदयविकाराने आणि पक्षाघाताने. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘कार्ड्‌स’ या चाचणीत २,८३८ मधुमेहींना घेतले होते. त्यांना आधी हृदयविकार झालेला नव्हता आणि कोलेस्टेरॉलही फार वाढलेले नव्हते. निम्म्यांना १० मिलिग्रॅम ॲटोरवास्टॅटिन, निम्म्यांना तशीच दिसणारी पोकळ गोळी. गोळी घेणाऱ्यांत हृदयविकाराच्या आणि पक्षाघाताच्या मोठ्या घटना ३७ टक्क्यांनी कमी झाल्या. फरक इतका स्पष्ट होता की चाचणी ठरल्यापेक्षा दोन वर्षे आधीच थांबवली. तेव्हापासून चाळिशी ओलांडलेल्या मधुमेहीला कोलेस्टेरॉलचा आकडा काहीही असो, स्टॅटिन सुचवले जाते. ही गोळी आकड्यासाठी नसते. पुढच्या दहा वर्षांतल्या छातीतल्या कळेसाठी असते, आणि जी कळ अजून आलीच नाही तिच्यासाठी आज पोटरी दुखवून घ्यायला कुणीही सहजासहजी तयार होत नाही. मामाही नव्हते.

“मी तर वाळल्या काडीवानी, मला कशी शुगर?” असेही ते म्हणाले होते. याचे उत्तर पुण्यात आहे. के. ई. एम. रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर बायकांचा आणि त्यांच्या मुलांचा पाठपुरावा केला. तिथल्या बाळांचे जन्मवजन सरासरी २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांचे ३.५. पण वजनाने एवढी कमी असूनही आपल्या बाळांच्या अंगावर चरबीचा वाटा मात्र राखलेला होता; कमी पडले होते ते स्नायू. पुढे २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन या दोघांचा शेजारी-शेजारी फोटो छापून आला. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स २२.३. युडकिनांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२. डोळ्यांना बारीक दिसणारा भारतीय आतून लठ्ठ असू शकतो, हे त्या फोटोने जगाला एका नजरेत सांगितले. आपला मुद्दा मात्र त्यातल्या दुसऱ्या बाजूचा आहे: जन्मतःच स्नायू कमी. रक्तातली साखर जेवणानंतर जिथे जाऊन जळायची किंवा साठायची ती मुख्य जागा म्हणजे स्नायूच.

आता गोळीची जन्मकथा. जपानमध्ये अकिता प्रांतातल्या शेतकरी कुटुंबात १९३३ साली जन्मलेले अकिरा एन्डो सांक्यो या औषध कंपनीत काम करत. बुरशी जिवाणूंशी लढण्यासाठी पेनिसिलिन बनवते, तर कोलेस्टेरॉलची निर्मिती अडवणारा एखादा पदार्थही बनवत असेल, असा त्यांचा कयास होता. दोन वर्षांत त्यांनी सहा हजारांवर बुरश्या तपासल्या. १९७३ मध्ये क्योटोतल्या धान्याच्या दुकानातल्या तांदळावर वाढलेल्या निळसर-हिरव्या बुरशीत तो सापडला. गंमत म्हणजे उंदरांवर त्याचा परिणामच होईना. प्रकल्प गुंडाळायची वेळ आली होती, तेवढ्यात तो अंडी देणाऱ्या कोंबड्यांवर करून पाहिला गेला आणि त्यांचे कोलेस्टेरॉल उतरले. या कुळातली पहिली बाजारातली गोळी, लोवास्टॅटिन, १९८७ मध्ये अमेरिकेत आली. एन्डो २०२४ च्या जूनमध्ये वारले. नोबेल त्यांना मिळाले नाही. ब्राउन आणि गोल्डस्टीन यांना, यकृताच्या पेशी रक्तातले कोलेस्टेरॉल कशा ओढून घेतात हे उलगडल्याबद्दल, १९८५ मध्ये मिळाले. स्टॅटिनमुळे यकृतातली कोलेस्टेरॉलची निर्मिती मंदावते, मग यकृत आपली गरज भागवायला रक्तातले उचलते, आणि रक्त स्वच्छ होते. दोन्ही शोध एकमेकांना असे पूरक आहेत.

पण इथेच पोटरीच्या दुखण्याचे मूळही दडलेले असू शकते. एन्डोंच्या बुरशीने जे विकर अडवले, त्याचे नाव एचएमजी-कोए रिडक्टेज. ते ज्या वाटेवर बसले आहे ती वाट एकट्या कोलेस्टेरॉलकडे जात नाही. पुढे तिला फाटे फुटतात. एक फाटा कोलेस्टेरॉलचा, दुसरा पेशीतल्या कित्येक प्रथिनांना शेपट्या लावण्याचा, आणि तिसरा सहविकर क्यू-१० चा. कालव्याचे मुख्य दार खाली केले की शेवटच्या शेतालाच पाणी कमी पडेल असे नाही. मधल्या सगळ्या चाऱ्यांना ते कमी पडते. स्टॅटिनचे मुख्य दुष्परिणाम कुठे शोधावेत हे या नकाशावरून ठरले.

क्यू-१० १९५७ मध्ये विस्कॉन्सिनमध्ये फ्रेडरिक क्रेन यांना गुरांच्या हृदयातल्या तंतुकणिकांत सापडले. तंतुकणिका, म्हणजे मायटोकाँड्रिया, यांना शाळेच्या पुस्तकात पेशीचे ऊर्जाकेंद्र म्हणतात. बीडच्या मुलांना हे शिकवताना परळीचे औष्णिक केंद्र दाखवणे सोपे असते. मला मात्र साखर कारखान्याचे उदाहरण जास्त जवळचे वाटते, आणि मामांना मी तेच दिले, कारण त्यातला एकेक टप्पा त्यांच्या खांद्यावरून गेलेला आहे.

रक्तातली साखर म्हणजे रस्त्यावरून आलेल्या उसाच्या गाड्या. स्नायूची पेशी म्हणजे कारखान्याचे आवार. गेट उघडायचे काम इन्सुलिनचे. मधुमेहात गेटवरचा माणूस ओरडतो पण फाटक पूर्ण उघडत नाही. म्हणून बाहेर गाडीतळावर गाड्यांची रांग वाढत जाते. तीच रांग दवाखान्यात बोटाला सुई टोचून मोजतात. जेवढा ऊस आत येतो तो शेवटी तंतुकणिकेच्या गव्हाणीत पडतो. तिथे त्याचे तुकडे होतात, आणि त्यातून निघालेले इलेक्ट्रॉन एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी पोचवले जातात. पहिल्या आणि दुसऱ्या यंत्रापासून तिसऱ्या यंत्रापर्यंत हे इलेक्ट्रॉन वाहून नेणारी बैलगाडी म्हणजे क्यू-१०. गाडी भरते, पलीकडे रिकामी होते, परत येते. या वाहतुकीतून सुटणाऱ्या ऊर्जेने प्रोटॉन एका पडद्यापलीकडे कोंडले जातात, माजलगावच्या धरणात पाणी तुंबावे तसे. आणि ते परत खाली येताना एक खरोखर गरगर फिरणारे चाक फिरवतात. त्या चाकातून जो माल निघतो तो एटीपी. कोयता उचलला, पापणी हलली, काहीही झाले तरी खर्च होतो तो एटीपी. प्रोटॉन कोंडण्याची कल्पना पीटर मिचेल यांची. १९६१ मध्ये मांडली तेव्हा फार थोड्यांना पटली, १९७८ मध्ये तिला नोबेल मिळाले.

मामांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, “म्हंजी गोळीनं गाड्या कमी केल्या.” इतका नेमका सारांश माझ्या वर्गातल्या पोरांनी क्वचितच केला असेल.

गाड्या कमी होतात का? रक्तात होतात, याबद्दल वाद नाही. स्टॅटिन घेणाऱ्यांच्या रक्तातले क्यू-१० उतरते. पण क्यू-१० रक्तात फिरते तेच मुळी कोलेस्टेरॉलच्या कणांवर बसून. वाहनच कमी झाले तर प्रवासीही कमी दिसणार. प्रश्न स्नायूतल्या क्यू-१० चा आहे आणि तिथली मोजमापे एकमेकांशी जुळत नाहीत. कोपनहेगनच्या एका गटाने २०१३ मध्ये सिम्वास्टॅटिन घेणाऱ्या दहा जणांच्या मांडीतून स्नायूचे तुकडे काढून, न घेणाऱ्या नऊ जणांशी ताडून पाहिले. क्यू-१० कमी होते आणि तंतुकणिकांची श्वसनक्षमताही कमी. त्याच वर्षी अमेरिकेत स्थूल माणसांना बारा आठवडे व्यायाम करायला लावला. नुसत्या व्यायामाने दमसास सुमारे १० टक्के वाढला. व्यायामासोबत ४० मिलिग्रॅम सिम्वास्टॅटिन घेणाऱ्यांचा जेमतेम दीड टक्का. स्नायूतल्या तंतुकणिकांची खूण म्हणून मोजतात ते विकर पहिल्या गटात १३ टक्क्यांनी वाढले, दुसऱ्यात उलट साडेचार टक्क्यांनी घटले. या अभ्यासात एकूण ३७ माणसे होती. संख्या लहान आहे, पण दिशा दुर्लक्ष करावी अशी नाही.

२०१५ मध्ये नेदरलँड्‌समधल्या नाइमेखेनच्या संशोधकांनी गोष्ट आणखी पुढे नेली. गाड्या कमी होतात हा मुद्दा बाजूला ठेवून त्यांनी दाखवले की स्टॅटिनचे शरीरात जे लॅक्टोन रूप तयार होते ते थेट तिसऱ्या यंत्रात, गाडी रिकामी होण्याच्या जागेवरच, जाऊन बसते. गाड्या पुरेशा असोत वा नसोत, काट्यावरच अडवणूक. स्टॅटिनने स्नायू दुखावलेल्या रुग्णांच्या स्नायूतही तिसऱ्या यंत्राचे काम मंद आढळले.

मामांच्या टेबलावर दोन पट्ट्या होत्या हे आठवत असेल. पहिली, जिचे “काही न्हाई”, ती मेटफॉर्मिन. तिची वनस्पतीतली पूर्वज फ्रान्समध्ये जुनी, मधुमेहाचे औषध म्हणून ती १९५७ मध्ये ज्याँ स्टर्न यांनी पुढे आणली. आणि मेटफॉर्मिन काय करते? पुरेशा प्रमाणात दिल्यास ती तंतुकणिकेतल्या पहिल्या यंत्राला ब्रेक लावते. म्हणजे देशातले कित्येक मधुमेही रोज सकाळ-संध्याकाळ एका गोळीने पहिल्या यंत्राला आणि दुसऱ्या गोळीने तिसऱ्याला हात लावत असतात, आणि तरी बहुतेकांची पोटरी दुखत नाही. कागदावरच्या जीवरसायनशास्त्रावरून माणसाच्या वेदनेचे भाकीत करू नये, हे शिकायला मला पस्तीस वर्षे लागली.

शिवाय मधुमेहाची स्वतःची करणी वेगळीच. २००२ मध्ये पिट्सबर्गच्या डेव्हिड केली यांनी मधुमेहींच्या स्नायूतल्या तंतुकणिका लहान आणि मोडकळलेल्या असल्याचे दाखवले. २००४ मध्ये येलच्या गटाने मधुमेही आईबापांची धडधाकट, सडपातळ मुले तपासली. ज्यांना अजून मधुमेह नाही पण इन्सुलिन नीट लागू पडत नाही, त्यांच्या स्नायूतली ऊर्जानिर्मिती सुमारे ३० टक्क्यांनी कमी होती. चित्र स्वच्छ वाटू लागले: तंतुकणिका बिघडतात, चरबी जळत नाही, ती स्नायूत साचते, गेट अडकते, मधुमेह होतो.

मग २००८ मध्ये मेयो क्लिनिकचे श्रीकुमारन नायर यांनी भारतीयांना तपासले आणि चित्र फिसकटले. अमेरिकेत राहणारे मधुमेही भारतीय, बिनमधुमेही भारतीय आणि उत्तर युरोपीय वंशाचे अमेरिकन, प्रत्येकी तेरा. भारतीयांमध्ये इन्सुलिनला दाद न देण्याचे प्रमाण जास्त. आणि त्यांच्या तंतुकणिकांची ऊर्जा बनवण्याची क्षमता कमी नव्हे, जास्त. मधुमेही भारतीयांच्या तंतुकणिका बिनमधुमेही भारतीयांच्या तोडीच्या. म्हणजे युरोपीय स्नायूवरून काढलेला निष्कर्ष आपल्याला जसाच्या तसा लावता येत नाही. पाठ्यपुस्तकांत हा अभ्यास सहसा नसतो. मला तो एका विद्यार्थिनीने दाखवला. मधुमेह आधी आणि तंतुकणिकांची झीज नंतर, की उलट, हा वाद अजून मिटलेला नाही, पण ‘मधुमेही म्हणजे आधीच दुबळ्या तंतुकणिका, त्यात स्टॅटिन म्हणजे दुष्काळात तेरावा महिना’ हे मोबाइलवर फिरणारे सरळसोट वाक्य तरी भारतीय माणसाबद्दल नुसते ठोकून देता येत नाही.

आता माणसांना विचारू. २०२२ मध्ये ऑक्सफर्डच्या पुढाकाराने १९ चाचण्यांतल्या १,२३,९४० लोकांची एकत्र छाननी झाली. निम्म्यांना स्टॅटिन, निम्म्यांना पोकळ गोळी, कुणाला काय हे कुणालाच माहीत नाही. स्नायू दुखतात अशी तक्रार स्टॅटिनवाल्यांत २७.१ टक्के, पोकळ गोळीवाल्यांत २६.६ टक्के. पहिल्या वर्षात फरक थोडा जास्त, नंतर जवळजवळ नाही. हिशेब असा निघाला की स्टॅटिन घेताना स्नायू दुखतात असे सांगणाऱ्या पंधरा जणांपैकी एकाचेच दुखणे खरोखर स्टॅटिनचे असते.

याहून बोलका प्रयोग लंडनच्या इम्पीरियल कॉलेजचा, ‘सॅमसन’ नावाचा, २०२० सालचा. दुखण्यामुळे स्टॅटिन सोडलेली साठ माणसे. प्रत्येकाला बारा बाटल्या: चार महिन्यांच्या स्टॅटिनच्या, चार पोकळ गोळ्यांच्या, चार रिकाम्या. क्रम सरमिसळ. रोज दुखण्याला शंभरपैकी गुण द्यायचे. रिकाम्या बाटलीच्या महिन्यांत सरासरी ८, पोकळ गोळीच्या महिन्यांत १५.४, स्टॅटिनच्या महिन्यांत १६.३. गोळी गिळण्यानेच दुखणे दुप्पट झाले. गोळीत काय आहे याने फारसा फरक पडला नाही. हे समजल्यावर निम्म्या लोकांनी स्टॅटिन पुन्हा सुरू केले. दुखणे खोटे होते असा याचा अर्थ नाही, ते गुण त्यांनीच दिले होते आणि दुखत होते म्हणूनच दिले होते. फक्त त्याचा उगम पोटरीतल्या तिसऱ्या यंत्रात नव्हता.

मला हे आकडे पटतात, तरी एक खटका मनात राहतो. या चाचण्यांतले लोक कोण? बरेचसे पश्चिमेकडचे, बरेचसे बैठ्या आयुष्याचे. दिवसाला बारा-चौदा तास उकिडवे बसून, वाकून, उचलून घाम गाळणारी माणसे त्यांत किती असणार? त्यांना ‘पंधरातला एक’ हे गणित तसेच लागू होईल का? याला सर्वात जवळचे उत्तर पुन्हा नाइमेखेनहून आले. त्या गावात दर जुलैला चार दिवसांची पदयात्रा असते; हजारो लोक रोज ३०, ४० किंवा ५० किलोमीटर चालतात. आपल्याकडच्या वाचकाला ही वारी चटकन डोळ्यांसमोर येईल. मुक्ताईची पालखी बीड शहरातूनच पंढरपूरला जाते. तिथल्या संशोधकांनी स्टॅटिन घेणारे दुखणेकरी, स्टॅटिन घेणारे पण न दुखणारे आणि स्टॅटिन न घेणारे अशा सुमारे शंभर चालणाऱ्यांचे रक्त तपासले. २०२३ मध्ये निकाल छापला: चालल्याने स्नायूंची झीज दाखवणारे आकडे सगळ्यांचेच वाढले, दुखणेही वाढले, पण तिन्ही गटांत सारखेच. स्टॅटिनमुळे ते अधिक बिघडले नाही. तिसऱ्या यंत्राचा शोध लावणारे आणि ही वारी मोजणारे गाव एकच, हे मला फार आवडते.

स्टॅटिन साखर वाढवते ही दुसरी तक्रार, तिच्यात तथ्य आहे. २०१० मध्ये तेरा चाचण्यांतल्या ९१,१४० लोकांवरून दिसले की नवा मधुमेह होण्याचा धोका ९ टक्क्यांनी वाढतो. २५५ जणांनी चार वर्षे गोळी घेतली तर एक जादा मधुमेही. जोरकस मात्रेत हे प्रमाण आणखी वाढते, आणि ते मुख्यतः उंबरठ्यावर आधीच उभे असलेल्यांत. ज्याला मधुमेह आहेच त्याची साखर किंचित वर सरकते. डॉक्टर गोळी जुळवून घेतात.

मग मामांचे काय? त्यांच्या डॉक्टरांनी लिहून दिलेली मात्रा ४० मिलिग्रॅमची होती. स्नायूतून रक्तात झिरपणारे सीके हे विकर तपासले तर आकडा नऊशेच्या वर. डॉक्टरांनी गोळी थांबवायला सांगितली आणि मामा घाबरले. मी त्यांना विचारले, तपासणीच्या आधी काय करत होता? विहिरीचा गाळ काढत होते, तीन दिवस. दगड-गाळ उपसणाऱ्या माणसाचे सीके वाढणारच. निरोगी, औषध न घेणाऱ्या मजुराचेही वाढते. आठवडाभर कष्ट न करता परत तपासले तेव्हा ते दोनशेच्या आसपास आले. हंगाम चालू असताना ऊसतोड कामगाराचे सीके काढणे म्हणजे पोळ्याच्या दिवशी बैलाची मरगळ मोजण्यासारखे उलटे काम, आकडा येतो, अर्थ येत नाही. मात्र आकडा वरच्या मर्यादेच्या दहापट गेला, लघवी चहासारखी काळपट झाली, हातपाय उचलेनासे झाले, तर थांबायचे आणि तडक दवाखाना गाठायचा. स्टॅटिनने स्नायू खरोखर विरघळल्याची उदाहरणे फार विरळ आहेत, पण आहेत. सेरिवास्टॅटिन नावाची गोळी त्याच कारणाने २००१ मध्ये जगभरातून मागे घेतली गेली. छातीच्या संसर्गासाठी क्लॅरिथ्रोमायसिन किंवा गजकर्णासाठी इट्राकोनॅझोल सुरू केले तरी काही स्टॅटिन रक्तात साचतात. फडावर गजकर्ण घरोघर असते आणि मेडिकलवाला चिठ्ठीशिवाय गोळी देतो, म्हणून हे मुद्दाम लिहितो.

आणखी एक प्रश्न मी त्यांना विचारला, जो सहसा विचारला जात नाही: आईला साखर होती का, आणि तिला ऐकू कमी येत होते का? तंतुकणिकांना स्वतःचा डीएनए असतो आणि तो केवळ आईकडून येतो. त्यातल्या एका अक्षराच्या चुकीने मधुमेह आणि बहिरेपण आईकडून मुलांना मिळते. १९९२ पासून हे ज्ञात आहे. मधुमेहींत हे शंभरात एकाहूनही कमी असतील, पण तिथे मेटफॉर्मिन टाळतात आणि स्टॅटिनही जपून देतात. मामांची आई नव्वदीपर्यंत कुजबुजही ऐकायची.

थायरॉइड ठीक निघाले. ड जीवनसत्त्व कमी निघाले, उन्हात आयुष्य गेलेल्या माणसाचे. डॉक्टरांनी ते दिले आणि स्टॅटिन तीन आठवडे बंद ठेवून मग १० मिलिग्रॅमवर पुन्हा सुरू केले. मी त्यांना भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज रात्री एक ते पाच रेघा मारायला सांगितल्या, जेवढे दुखेल तेवढ्या. सॅमसनची गावठी आवृत्ती, पोकळ गोळ्यांशिवायची, त्यामुळे शास्त्र म्हणून तिची किंमत शून्य. क्यू-१० च्या गोळ्या घेऊ का, असेही त्यांनी विचारले. त्यांच्या चाचण्यांचे निकाल दोन्ही बाजूंचे आहेत आणि महिन्याचा खर्च त्यांच्या दोन दिवसांच्या मजुरीहून जास्त; मी नको म्हटले.

कॅलेंडर घेऊन ते दसऱ्याच्या आधी आले. बरोबर मामी होत्या. गोळी बंद असतानाच्या तीन आठवड्यांत रेघा थोड्या कमी होत्या, पण होत्या. कमी मात्रा सुरू झाल्यावर तेवढ्याच राहिल्या. सगळ्यात जास्त रेघा होत्या त्या गाळ काढला त्या आठवड्यात, आणि तेव्हा ४० ची गोळीही चालू होती. कुणाच्या नावावर किती रेघा टाकायच्या हे मलाही सांगता आले नाही. त्यांनी सहा महिन्यांच्या पट्ट्या बांधून घेतल्या होत्या. कोपीत उन्हाने गोळ्या तापतात म्हणून त्या पाण्याच्या माठाशेजारी, कोरड्या डब्यात ठेवायचे ठरले.

मामी तोवर गप्प होत्या. त्यांची पिशवी बत्तिसाव्या वर्षी काढलेली. बीडच्या ऊसतोड बायकांच्या या शस्त्रक्रियांची राज्य शासनाच्या समितीने २०१९ मध्ये चौकशी केली होती, ते वाचकांना आठवत असेल. तेव्हाही तक्रार ‘अंग दुखतं’ अशीच असे, आणि उत्तर फार लवकर दिले जाई. कमी वयात पाळी गेलेल्या बाईला हृदयविकाराचा धोका लवकर गाठतो, हे त्यांना कुणी सांगितलेले नव्हते. मोळी त्याही तेवढीच उचलतात.

“सर,” त्या म्हणाल्या, “ह्यांच्या पोटऱ्या दोन साल झाले सगळे बघू लागलेत. माझ्याबी दुखतेत. मला एकदाबी सुई न्हाई टोचली कुणी.”

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना उपाशीपोटी तपासायला नेले. साखर १६८ निघाली. परवा पहाटे ट्रक सुटायचा होता.